आधी कोण, नंतर कोण : प्रस्तावना

सात वक्ते, सात दिवस आणि चार अटी. एवढ्या सामग्रीवर प्रवेश परीक्षेतला एक अख्खा संच उभा राहतो. कोणता वक्ता कोणत्या दिवशी बोलणार हे ठरवायला सूत्र लागत नाही, सामान्यज्ञान लागत नाही. जे काही लागते ते सगळे कागदावर दिलेले असते. तरीही एरवी गणितात पुढे असणाऱ्या मुलांचे घोडे नेमके इथेच अडते आणि आपल्याला लॉजिक जमतच नाही, अशी समजूत करून घेऊन ती हा विभाग सोडून देतात. ही समजूत चुकीची आहे. क्रम लावण्याची कोडी शिकता येतात, शिकवता येतात आणि ती शिकताना विचाराला जी शिस्त लागते ती परीक्षा संपल्यावरही कामी येते. त्या खात्रीपोटीच हे पुस्तक लिहिले आहे.

या कोड्यांचे स्वरूप आधी समजून घेऊ. काही व्यक्ती किंवा वस्तू असतात, तितक्याच जागा असतात आणि कोण कुठे बसेल यावर काही बंधने असतात. पण बंधने मुद्दाम अपुरी ठेवलेली असतात. सगळ्या अटी पाळूनही एकाहून अधिक मांडण्या शक्य राहतात आणि प्रश्न विचारले जातात ते त्या सगळ्या मांडण्यांविषयी. काय शक्य आहे, काय अशक्य आहे आणि काय अटळ आहे, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात का, एवढेच परीक्षकाला पाहायचे असते. वर्तमानपत्रातल्या कोड्यात शेवटी एकच उत्तर निघते आणि ते निघाले की आपण मोकळे होतो. इथे एक मांडणी जमली म्हणून काम संपत नाही.

तर्काची कोडी जुनी आहेत. इंग्लंडमध्ये लुईस कॅरोल यांनी 1886 साली तर्काच्या खेळावर स्वतंत्र पुस्तक काढले आणि त्यानंतर दहा वर्षांनी चिन्हांकित तर्कशास्त्रावर दुसरे. पाच रंगांची पाच घरे, त्यांत राहणारी पाच देशांची माणसे आणि शेवटी ‘झेब्रा कोणाचा?’ असा प्रश्न, हे आजही फिरणारे कोडे 1962 च्या डिसेंबरमध्ये ‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकात आले होते. पण करमणुकीच्या या प्रकाराला प्रवेश परीक्षेत मानाचे पान मिळाले ते अमेरिकेत. तिथल्या विधी महाविद्यालयांसाठी घेतली जाणारी एलसॅट ही परीक्षा 1948 साली सुरू झाली आणि 1982 पासून तिच्यात विश्लेषणात्मक तर्काचा वेगळा विभाग आला. विद्यार्थ्यांनी त्याला ‘लॉजिक गेम्स’ हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. जीआरई या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेतही 1977 पासून विश्लेषणाचा विभाग होता आणि त्यात अशीच कोडी असत. 2002 साली त्याच्या जागी निबंधलेखन आले.

एलसॅटच्या या विभागाचा साचा ठरलेला होता. पस्तीस मिनिटे, चार कोडी, प्रत्येक कोड्यावर साधारण पाच ते सात प्रश्न, मिळून बावीस ते चोवीस. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. म्हणजे एका कोड्याला पावणेनऊ मिनिटे, त्यातच अटी वाचायच्या, आकृती मांडायची आणि उत्तरेही द्यायची. चार कोड्यांत गट पाडण्याचे, जोड्या लावण्याचे असे प्रकार येत, पण सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत आधी शिकवला जाणारा प्रकार क्रम लावण्याचा. बाकीच्या प्रकारांची पायाभरणीही इथेच होत असे. म्हणून या पुस्तकातही सुरुवात त्यानेच केली आहे.

वर्णन पुरे, आता एक कोडे प्रत्यक्ष सोडवून पाहू. एका गावात सोमवार ते रविवार व्याख्यानमाला आहे. रोज एक व्याख्यान. वक्ते सात : अनघा, बाळकृष्ण, चारुता, दिनकर, ईशा, फिरोज आणि गौरी. अटी चार. चारुताचे व्याख्यान दिनकरच्या आधी आहे आणि दिनकरचे अनघाच्या आधी. फिरोज आणि गौरी लागोपाठच्या दोन दिवशी बोलतात, पण त्यांच्यात आधी कोण ते सांगितलेले नाही. बाळकृष्णचे व्याख्यान गुरुवारी आहे. ईशा पहिल्या दिवशी बोलत नाही आणि शेवटच्याही नाही.

अटी नसत्या तर सात वक्ते 5040 प्रकारे बसवता आले असते. या चार अटींनी त्यातले फक्त वीस उरतात. ते वीस लिहून काढण्याची गरज नाही आणि परीक्षेत तेवढा वेळही नसतो. प्रश्नाला हात घालण्यापूर्वी दोन मिनिटे अटींकडेच नीट पाहिले की बरेचसे काम होते.

गुरुवार बाळकृष्णने घेतला, त्यामुळे आठवड्याचे दोन तुकडे झाले : अलीकडे सोमवार, मंगळवार, बुधवार आणि पलीकडे शुक्रवार, शनिवार, रविवार. फिरोज-गौरी ही जोडी फुटू शकत नाही, म्हणून ती सगळीच्या सगळी अलीकडच्या तुकड्यात तरी असेल किंवा पलीकडच्या तरी. आता सोमवारी कोण बोलू शकेल ते पाहू. बाळकृष्ण नाही, ईशा नाही. दिनकरच्या आधी चारुता हवी, म्हणून दिनकर नाही. अनघाच्या आधी दोघे हवेत, म्हणून अनघाही नाही. उरले तिघेच : चारुता, फिरोज, गौरी. त्याच हिशेबाने रविवारी फक्त अनघा, फिरोज किंवा गौरी. या दोन्ही गोष्टी जोडून पाहिल्या की कोड्याची किल्ली हाती येते. फिरोज-गौरीची जोडी अलीकडच्या तुकड्यात असेल तर रविवार अनघाचाच. ती पलीकडच्या तुकड्यात असेल तर सोमवार चारुताचाच. हे कुठल्याच अटीत लिहिलेले नव्हते, पण ते सगळ्या अटींच्या पोटात होते.

आता एक प्रश्न घेऊ. दिनकरचे व्याख्यान शनिवारी असेल तर पुढीलपैकी कोणते विधान खरे असलेच पाहिजे? दिनकर शनिवारी म्हणजे अनघा रविवारी, कारण त्याच्यानंतर तेवढाच दिवस उरतो. शनिवार-रविवार भरले म्हणजे फिरोज-गौरी अलीकडे आले. अलीकडे तीन दिवस, त्यातले दोन त्यांचे. तिथला उरलेला एक दिवस आणि शुक्रवार, एवढ्यावर चारुता आणि ईशा यांना बसवायचे आहे. बहुतेक विद्यार्थी इथे पहिली सुचलेली मांडणी लिहितात : चारुता सोमवारी, फिरोज मंगळवारी, गौरी बुधवारी, बाळकृष्ण गुरुवारी, ईशा शुक्रवारी, दिनकर शनिवारी, अनघा रविवारी. सगळ्या अटी पाळल्या जातात. मग पर्यायांत ‘ईशा शुक्रवारी बोलते’ हे विधान दिसले की हात आपोआप तिकडे जातो.

मेख इथेच आहे. ती मांडणी बरोबर आहे, पण एकुलती एक नाही. फिरोज सोमवारी, गौरी मंगळवारी, ईशा बुधवारी, बाळकृष्ण गुरुवारी, चारुता शुक्रवारी, दिनकर शनिवारी, अनघा रविवारी, हीदेखील सर्व अटी पाळते. म्हणजे ईशा शुक्रवारी बोलू शकते, पण तिने शुक्रवारीच बोलले पाहिजे असे नाही. दिनकर शनिवारी असताना एकूण सहा मांडण्या शक्य आहेत आणि त्या सहाही मांडण्यांत अनघा रविवारी बोलते. खरे उत्तर ते.

हे पुस्तक ज्या एका गोष्टीसाठी लिहिले आहे ती या उदाहरणात आली. ‘असे होऊ शकते’ आणि ‘असेच होईल’ यांतला भेद क्षणभरही सुटू न देणे, हीच क्रमकोड्यांतली खरी विद्या. बाकी चिन्हे, रकाने, आकृत्या ही सगळी तिची साधने. एखादी गोष्ट शक्य आहे हे दाखवायला एक मांडणी पुरते. एखादी गोष्ट अटळ नाही हे दाखवायलाही एक मांडणी पुरते, फक्त ती उलट बाजूची हवी. पण एखादी गोष्ट अटळ आहे किंवा अशक्य आहे असे म्हणायचे असेल तर एका मांडणीवर भागत नाही. तिथे कारण द्यावे लागते. कोणत्या प्रश्नाला उदाहरण हवे आणि कोणत्या प्रश्नाला कारण हवे, हे ज्याला ओळखता आले त्याचा निम्मा वेळ वाचतो.

याच भेदातून नेहमीच्या चुकाही समजतात. पहिली चूक अटीत नसलेले वाचण्याची. चारुता दिनकरच्या आधी आहे, एवढेच वाक्य सांगते. ती अगदी आदल्या दिवशीच आहे असे ते सांगत नाही. मधे तीन दिवस गेले तरी अट पाळली जाते. दुसरी चूक सशर्त विधान उलटवण्याची. ‘गौरी शनिवारी बोलली तर ईशा मंगळवारी बोलेल’ अशी अट असेल तर ईशा मंगळवारी आहे यावरून गौरीविषयी काहीच कळत नाही. मात्र ईशा मंगळवारी नाही असे ठरले तर गौरी शनिवारी नाही हे निश्चित होते. अनेकांचे गुण जातात ते या एका वळणावर. तिसरी चूक आधीच्या प्रश्नातली तात्पुरती अट पुढच्या प्रश्नात वाहून नेण्याची. ‘दिनकर शनिवारी असेल तर’ हे गृहीत त्या प्रश्नापुरतेच. पुढच्या प्रश्नाला पुन्हा मूळ चार अटींवर यायचे.

काम करण्याच्या क्रमाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. ‘पुढीलपैकी कोणती यादी अटींत बसते’ असा प्रश्न असेल तर तो आधी घ्यावा. एकेक अट उचलायची आणि ती मोडणारे पर्याय खोडत जायचे, मांडणी करावीच लागत नाही. त्यानंतर ‘असे असेल तर’ या प्रकारचे प्रश्न घ्यावेत, कारण त्यांत एक जादा अट फुकट मिळते आणि तिच्यामुळे तयार झालेल्या मांडण्या वहीत राहतात. सर्वसाधारण प्रश्न शेवटी. ‘ईशा बुधवारी बोलू शकते का’ असे विचारले तर वरची दुसरी मांडणी समोरच असते, नव्याने काही करावे लागत नाही. क्लासमध्ये ज्याला ‘केसेस पाडणे’ म्हणतात ते मात्र बेतानेच करावे. आपल्या कोड्यात जोडी अलीकडे की पलीकडे, एवढ्या दोनच बाजू पाडल्या आणि त्या पुरल्या. एखाद्या अटीने मांडण्यांचे दोन किंवा तीन स्पष्ट गट होत असतील तरच हा मार्ग धरावा.

एलसॅटमधून हा विभाग आता गेला आहे आणि तो का गेला हे प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घेण्यासारखे आहे. मिशिगनमधल्या एका अंध उमेदवाराने 2011 मध्ये दावा लावला. ही कोडी सोडवायची तर रिकाम्या जागांची ओळ आखणे, अक्षरे भरणे, खोडणे, पुन्हा भरणे हे ओघाने येते आणि जो पाहू शकत नाही त्याला ते साधन मिळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. तो आणि दुसरा एक अंध उमेदवार यांच्याशी परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर 2019 मध्ये समझोता केला आणि विश्लेषणात्मक तर्क मोजण्याच्या दुसऱ्या वाटा चार वर्षांत शोधण्याचे कबूल केले. 2024 च्या जूनमध्ये लॉजिक गेम्स असलेली शेवटची परीक्षा झाली. ऑगस्टपासून त्यांची जागा युक्तिवादाच्या आणखी एका विभागाने घेतली. नव्या रचनेतही गुणांचे मोजमाप जवळजवळ तसेच राहते, असे संस्थेने आपल्या अभ्यासाच्या आधारे जाहीर केले.

माझ्या मते हा निर्णय योग्य होता. प्रवेश परीक्षेने उमेदवाराचा तर्क मोजायचा असतो. आकृती काढण्याच्या सोयीवर कोणाचे भवितव्य ठरू लागले तर ते मोजमापच सदोष ठरते. मात्र कोडी परीक्षेतून गेली म्हणून त्यांची शिकवण निकामी होत नाही. वर सोडवलेले कोडे पुन्हा पाहा. त्यातली प्रत्येक पायरी वाक्यात सांगितली आहे, रेघ एकही ओढलेली नाही. तर्काचा खरा आधार ‘म्हणून’ या जोडणीत असतो, चौकटी फक्त स्मरणाला मदत करतात. म्हणूनच या पुस्तकात प्रत्येक उत्तर आकृतीबरोबर पूर्ण वाक्यांतही दिले आहे, कोणी वाचून दाखवले तरी ऐकणाऱ्याला पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत जाता यावे अशा रीतीने.

आपल्याकडे ही कोडी गेलेली नाहीत, उलट त्यांचे वजन मोठे आहे. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाकडून होणाऱ्या एमबीए सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न असतात, त्यातले 75 तार्किक क्षमतेचे. सरासरी काढली तर एका प्रश्नाला पाऊण मिनिट येते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे तिथे वेग आणि सराव यांना महत्त्व. कॅटची तऱ्हा वेगळी. तिथे 2015 पासून तर्क आणि माहिती-विश्लेषण यांचा स्वतंत्र विभाग आहे आणि सध्या त्याला 40 मिनिटे मिळतात. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण वजा. कॅटमध्ये क्रमाचे कोडे क्वचितच शुद्ध स्वरूपात येते, त्याच्यात आकडे, तक्ते, सामन्यांचे निकाल मिसळलेले असतात. कोणता संच घ्यायचा आणि कोणता सोडायचा हा निर्णयच तिथे अर्धी परीक्षा असतो. आयबीपीएसच्या बँक परीक्षा प्रवेशासाठी नसून नोकरीसाठी असतात, पण तिथेही ‘सिटिंग अरेंजमेंट’ आणि ‘पझल’ या नावांनी याच कोड्यांनी तर्काचा विभाग भरलेला असतो. पीओच्या पूर्व परीक्षेत तर्काचे 35 प्रश्न वीस मिनिटांत सोडवायचे असतात.

या परीक्षांत सरावाचा फायदा निर्विवाद आहे. वर्षानुवर्षे एलसॅट शिकवणाऱ्यांचाही तोच अनुभव होता : नव्या विद्यार्थ्याला सर्वांत अवघड वाटणारा हा विभाग मेहनतीने सर्वांत जास्त सुधारतो. यात आशा आहे तशी अडचणही आहे. सरावाने जे जमते ते ज्याला चांगला शिक्षक, निवांत जागा आणि क्लासची फी परवडते त्याला आधी जमते. तालुक्याच्या गावात कॉलेज करून, संध्याकाळी दुकानात किंवा शेतात हातभार लावून अभ्यासाला बसणारी मुलगी बुद्धीने मागे नसते. तिला पायरीपायरीने सांगणारे कोणी भेटलेले नसते, एवढेच. आकृती पाहून ‘हे तर उघड आहे’ असे म्हणून पुढे जाणारी उत्तरे तिच्या उपयोगाची नाहीत. हे पुस्तक लिहिताना ती वाचक सतत डोळ्यांसमोर होती, म्हणून इथे ‘उघड आहे’ असे म्हणून एकही पायरी गाळलेली नाही.

परीक्षेपलीकडेही हे कौशल्य रोज लागते. शस्त्रक्रियागृहाचे वेळापत्रक, कारखान्यातली कामांची साखळी, निवडणुकीच्या कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, घराच्या बांधकामात आधी काय आणि मागून काय, या सगळ्यांत थोड्या अटींवरून क्रम ठरवायचा असतो. वकिलाला साक्षीपुराव्यांवरून घटनाक्रम जुळवावा लागतो आणि तिथे एक जुळणारी कथा सापडणे पुरेसे नसते. दुसरी कोणतीही कथा त्या पुराव्यांत बसत नाही, हे दाखवावे लागते. विधी महाविद्यालयांच्या परीक्षेत ही कोडी चाळीसहून अधिक वर्षे टिकली ती यामुळेच. जुळणाऱ्या पहिल्या कथेवर समाधान मानण्याची सवय माणसाला न्यायालयात, वर्तमानपत्र वाचताना आणि घरच्या भांडणातही महागात पडते.

पुस्तकाची रचना सोपी आहे. पहिल्या भागात फक्त तुलनेची कोडी आहेत, ज्यांत अमुक तमुकच्या आधी एवढेच कळते. दुसऱ्या भागात ठरलेल्या जागा, जोड्या आणि अंतराच्या अटी येतात. तिसऱ्या भागात सशर्त विधाने आणि एकाच जागेवर दोन-दोन गोष्टी बसवण्याची कोडी आहेत. चौथ्या भागात सीईटी आणि कॅटच्या धाटणीचे मिश्र संच आहेत. भाग ओलांडून पुढे उडी मारू नये, कारण प्रत्येक भाग आधीच्या भागातली सवय गृहीत धरतो.

वाचकांना एकच विनंती. पहिले दोन भाग संपेपर्यंत घड्याळ लावू नका. प्रत्येक उत्तरापुढे एका वाक्यात कारण लिहा आणि ते कारण ‘असे होऊ शकते’ या जातीचे आहे की ‘असेच होईल’ या जातीचे, हेही नोंदवा. कारण लिहिता येत नसेल तर उत्तर बरोबर आले तरी ते कोडे सुटले नाही असे समजा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवा. वेग आपोआप येतो, आणि असा आलेला वेग परीक्षेच्या दिवशी दगा देत नाही.